जुन्या मापाची नवी जीप

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत त्या वेळी रस्त्यावर माणूस दिसत नाही. आमच्या शेडसमोर टेम्पो लागला आणि काका खाली उतरले. ताडपत्रीच्या दोऱ्या त्यांनी स्वतः सोडल्या, हमालाला हात लावू दिला नाही. आत जीप होती. चेसिस, त्यावर रेड ऑक्साइड मारलेली बॉडी, चार चाकं. इंजिन नाही, वायरिंग नाही, सीटा नाहीत.

"पाह्य बेटा," काका म्हणाले, "कोरी हाय. आता फक्त इंजिन बसवाचं हाय. नवं, कॉमन रेलवालं." म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, आजच्या पद्धतीचं.

आमचं लेथचं वर्कशॉप बाबांनी सुरू केलं. ते गेल्यापासून अकरा वर्षं मी चालवते. रोजचं काम ट्रॅक्टरचं असतं: शाफ्ट, बुश, पिना, कधी एखादं तुटलेलं हाउसिंग. जीपची कामं वर्षातून दोन-तीन येतात आणि ती मी कुणावर सोडत नाही. बाबाही सोडत नसत. काका बाबांच्या ओळखीचे, वनखात्यातून निवृत्त झालेले. ऐंशीच्या दशकात पेंचच्या जंगलात खात्याच्या महिंद्रा जीपमधून फिरलेले. त्यांना तीच जीप हवी होती, पण सकाळी एका किल्लीत सुरू होणारी. पारशिवनीकडे त्यांची शेती आहे. तिथल्या तिथे चालवू, रस्त्यावर काढायची झाली तर आरटीओची रीतसर परवानगी घेऊ, असं ठरलं.

मी आधी टेप लावला. पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत ८० इंच, दोन सुतांचा फरक. हे ऐंशी इंच १९४१ च्या विलीस जीपपासून चालत आलेत. १९४० मध्ये अमेरिकेच्या सैन्याने गाडी मागितली तेव्हा बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा करून दिला. पुढे विलीस आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. फोर्डने आपल्या वाट्याच्या जीपमध्ये बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' अक्षर उठवलं होतं. बाबांकडे असा एक बोल्ट होता. गल्ल्यात ठेवायचे, नाण्यांबरोबर.

त्या विलीसचं इंजिन २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर, गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास. बस. तेवढ्यावर ती गाडी वाळवंटातही चालली आणि चिखलातही.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीसच्या परवान्यावर मुंबईत जीप जोडायला घेतली, मग इथेच बनवायला लागले. आपल्या वडिलांच्या पिढीने तहसीलदाराची, पाटबंधाऱ्याची, वनखात्याची म्हणून जी उंच बॉनेटची जीप पाहिली ती सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच का, याचं कारण इंजिनात आहे. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असायचे. नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उचललं. अमेरिकेत ती जीप १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे तो चेहरा त्याच्या कितीतरी पुढे चालला.

काकांनी आणलेल्या बॉडीला तोच उंच चेहरा होता. मी लोहचुंबक घेऊन तिच्याभोवती फिरले. दाराच्या कटाखाली, जिथे पत्रा गोल वळतो, तिथे चुंबक घसरून पडलं. म्हणजे आत पुट्टी. मूळ बॉडी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून काढलेली असते, तिची गोलाई सगळीकडे सारखी. ही हातोडीने वळवून वर पुट्टीने भरलेली होती. तळाच्या पत्र्यावरच्या धाराही दाबलेल्या नव्हत्या, वाकवलेल्या होत्या. तरी काम वाईट नव्हतं. ज्याने केलं त्याचा हात चांगला होता, त्याच्याकडे फक्त डाय नव्हती.

अशा नव्या बॉड्या बनवणारी माणसं जगात बरीच आहेत. युद्धानंतर अमेरिकन सैन्य फिलिपिन्समध्ये हजारो जीपा सोडून गेलं. तिथल्या लोकांनी त्या लांबवून जीपनी नावाची प्रवासी गाडी केली, आणि आजही मनिलामध्ये विलीसच्या मापाची कोरी बॉडी बनून जगभर जाते. आपल्याकडे हरियाणाच्या टोकाला मंडी डबवाली हे गाव जीपांसाठी ओळखलं जातं. कॅलिफोर्नियात आयकॉन नावाची कंपनी टोयोटाच्या जुन्या एफजे लँड क्रूझरचा चेहरा नव्या अॅल्युमिनियम बॉडीत उतरवते आणि आत अमेरिकन व्ही-८ घालते. खुद्द लँड रोव्हरने २०१८ मध्ये आपल्याच वापरलेल्या डिफेंडर गोळा करून त्यांत पाच लिटरचं ४०५ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. अशा १५० गाड्या केल्या.

एवढी ताकद अशा गाडीत घालणं मला पटत नाही. याचं कारण काकांच्या जीपवरूनच सांगते.

काकांनी आणलेलं इंजिन अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल होतं, २०१० साली आलेल्या महिंद्राच्या पहिल्या थारमध्ये असायचं त्या जातीचं. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २४७ न्यूटन मीटर. जुन्या पेट्रोल इंजिनाचा जेमतेम दीडशे. आता सीजे-३बीचे मूळ गिअर बघा. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) मंद गिअर, लो, २.४६, एक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे लोमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचा टॉर्क सदतीसपट होऊन एक्सलवर येतो. दीडशेचे साडेपाच हजार होतात, २४७ चे नऊ हजारांवर जातात. चाक दगडात अडकलं आणि कुणी घाईने क्लच सोडला तर वाढलेल्या जोराचा झटका एक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवरच्या, बोटाएवढ्या जाडीच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसवर बसतो. तो तुटला तर नशीब. न तुटता एक्सल शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकाचे दाते, पिळले गेले तर अख्खं मागचं हाउसिंग उघडायचं.

आणि ब्रेक? मूळ जीपला नऊ इंची ड्रम, मास्टर सिलिंडर एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. साठ हॉर्सपॉवरला ते चालून गेलं. इंजिन बदललं की क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, एक्सल, ब्रेक या सगळ्या रांगेला हात लावावा लागतो. लोक मात्र इंजिनाचे पैसे मोजतात आणि ब्रेकचं "नंतर पाहू" म्हणतात. काकांना मी सांगितलं, आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क, मगच इंजिन. ते लगेच हो म्हणाले.

दुसरी गोष्ट डिझेलच्या टाकीची. विलीसपासून टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. कॉमन रेलचा पंप हजार बारच्या वर दाब देतो, आणि जे डिझेल जळत नाही ते गरम होऊन टाकीत परत येतं. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ड्रायव्हर त्या टाकीवर बसणार. मी टाकी मागे नेली, चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधे, आणि परतीच्या लाइनवर छोटा कूलर घातला. सीटखालची जागा रिकामी झाली तशी काकांनी तिथे अवजारांची पेटी बसवायला सांगितली. जुन्या जीपमध्ये तिथे काय होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं, पण त्यासाठी ते अडून बसले नाहीत. मला बरं वाटलं.

मग आली प्लेट. इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मधे एक प्लेट लागते. मी १६ मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट घेतली. भोकं पाडणं सोपं आहे. अवघड काम असतं ते क्रँकची मधली रेषा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची मधली रेषा एकच करणं. डायल गेजचा चुंबक क्रँकच्या टोकाला चिकटवायचा, सुई प्लेटच्या आतल्या गोलाला लावायची आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण एक फेरा फिरवायचा. पहिल्या दिवशी काटा अठरा घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अठरा म्हणजे खूप झालं. तशी जोडली असती तर गाडी सुरू झाली असती, चाललीही असती, आणि सहा महिन्यांत पायलट बेअरिंग ओरडायला लागलं असतं, मग टॉप गिअर आपोआप सुटायला लागला असता. डॉवेल काढून, सरकवून, पुन्हा रीमर मारून चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काटा चार घरांत आला. त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले, आईने वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं, आणि जेवताना मला पुन्हा पुन्हा तो जागच्या जागी राहणारा काटाच दिसत होता.

गाडीच्या आरसीची प्रत जुलैत आली. विक्रेता महिनाभर "आज पाठवतो, उद्या पाठवतो" करत होता. काकांनी ती मला दिली, कारण इंजिन बदलाच्या अर्जासाठी चेसिस नंबर पेन्सिलीने घासून कागदावर उतरवून घ्यायचा होता. मी थिनरने चेसिसच्या पट्टीवरचा रेड ऑक्साइड पुसला. नंबर होता, आरसीवर होता तोच. पण अक्षरं एका ओळीत नव्हती. तिनाचा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल. आणि बोट फिरवलं तर नंबरच्या जागी पट्टी किंचित आत गेलेली, नखाला खळगा लागत होता. वाकून उजेडात पाहिलं तर आकड्यांखाली ग्राइंडरच्या बारीक रेघा.

मी काही बोलले नाही. काकांना म्हटलं, तुम्हीच पाहा.

काकांनी चष्मा लावला. गुडघ्यावर बसले. अंगठ्याने नंबरवरून दोनदा हात फिरवला. वनखात्यात सागवानाच्या प्रत्येक लाकडावर हातोड्याचा शिक्का मारलेला असतो. तो खरा की बनावट हे नाक्यावर, रात्री, टॉर्चच्या उजेडात ओळखण्यात या माणसाची तीस वर्षं गेलेली.

"हातोडा खोटा हाय," ते म्हणाले.

मग स्टुलावर बसून पाणी प्यायले. बऱ्याच वेळाने विचारलं, "म्हंजे मी चोरीची गाडी घेतली का बेटा?"

चोरीची नव्हती. चेसिस नवीनच होती. पण नवीन चेसिसला स्वतःची नोंद मिळत नाही, म्हणून कुठल्यातरी कधीच भंगारात गेलेल्या जीपचे कागद घेऊन तिचा नंबर हिच्यावर ठोकला होता. आरसी सत्तरच्या दशकातली, पेट्रोल जीपची. "कागद क्लियर आहेत" म्हणून विक्रेत्याने सव्वातीन लाख घेतले. त्या दिवसापासून त्याने फोन उचलला नाही. काकांनी पोलिसांत रीतसर तक्रार दिली. मुलगा म्हणत होता, बाबा सोडून द्या. त्यांनी ऐकलं नाही. चेसिस आज पोलिसांच्या आवारात आहे.

मला राग येतो तो या सगळ्याला जागा देणाऱ्या पोकळीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ जे तपशील दिले त्यापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. गाडी नवीन म्हणून नोंदवायची तर नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेतून पास व्हावी लागते. वर्षाला पाच गाड्या करणाऱ्या शेडला तो खर्च कुठून झेपणार? २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आली, पण ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललं की ती वाटही बंद. हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर दुसऱ्याची मुलं चालत असतात. पण चांगल्या हाताने बनवलेल्या नव्या जीपला खरं नाव घेऊन उभं राहता येत नसेल तर कुणीतरी तिला मेलेल्या जीपचं नाव चिकटवणारच.

अमेरिकेने यावर २०१५ मध्ये उपाय केला. किमान २५ वर्षं जुन्या गाडीसारखी दिसणारी गाडी छोटा उत्पादक वर्षाला ३२५ पर्यंत बनवू शकतो. टक्कर चाचणीचे काही नियम माफ. मात्र इंजिन आजच्या प्रदूषण नियमांत बसणारंच हवं, आणि जिचा आकार उचलला त्या कंपनीचा परवाना हवा. नियम प्रत्यक्षात यायला २०२२ उजाडलं. मला हा सौदा रास्त वाटतो, कारण त्यात इंजिन आजचं असावं हीच मुख्य अट आहे. धूर जुना आणि चेहरा नवा, असं उलटं होत नाही.

परवान्याची अट साधी नाही. महिंद्राने २०१८ मध्ये रॉक्सॉर नावाची गाडी अमेरिकेत मिशिगनमध्ये बनवायला घेतली: आपल्या ओळखीचा चेहरा, अडीच लिटर डिझेल, रस्त्याबाहेर शेतात-जंगलात चालवण्यासाठी. जीपच्या मालक कंपनीने तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती जीपच्या रूपाची नक्कल ठरवली. महिंद्राला नाक-डोळे बदलावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये उलटं घडलं. जुन्या डिफेंडरच्या आकारावर हक्क सांगायला लँड रोव्हर गेली आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही. त्यामुळे इनिऑस या दुसऱ्याच कंपनीची ग्रेनेडियर तशाच चौकोनी अंगाने, बीएमडब्ल्यूचं तीन लिटरचं इंजिन घेऊन आज रस्त्यावर आहे. पण आपल्याकडे परवाना घेऊन ज्या कारागिरांनी जीपचा तो चेहरा पन्नास-साठ वर्षं रोज घडवला, त्यांचा त्यावर काहीच हक्क नसावा, हे मला आजही खुपतं.

सगळ्यांत नीट काम टोयोटाने केलं असं मी मानते. लँड क्रूझर ७० ही १९८४ ची गाडी. २०२३ मध्ये तीच गाडी जपानमध्ये त्यांनी पुन्हा विकायला काढली, २.८ लिटरच्या नव्या टर्बो डिझेलसह. शिडीसारखी चेसिस तीच, मागचे स्प्रिंगचे पाटे तेच. ज्याची गाडी त्यानेच केली, नंबर खरा, पार्ट दुकानात मिळतात. आपल्याकडे असं कुणी मोठ्या घराने करावं. नवी थार चांगली आहे, मी चालवली आहे, पण २०२० पासून ती मोठी आणि जड झाली. मला हवी ती ऐंशी इंची, अकरा-बाराशे किलोची, दोनशे न्यूटन मीटरच्या आतलं शांत इंजिन, पुढे डिस्क, सीट बेल्ट, टाकी मागे. आणि तालुक्याच्या मिस्त्रीला पान्यांच्या एका संचात उघडता येईल अशी.

काकांनी ऑक्टोबरात सावनेरकडून महिंद्राची एक जुनी एमएम ५४० जीप घेतली. पेजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल, पहिल्यापासून एकाच कुटुंबात, कागद स्वच्छ. घेण्याआधी चेसिस नंबर त्यांनी स्वतः, भिंग घेऊन, तासभर तपासला. इंजिन माझ्याकडेच खोललं. बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घातले. थंडीत सकाळी ग्लो प्लग तापायला वीस मोजावे लागतात, धूरही थोडा देते. परवा नवेगाव खैरीच्या धरणाकडे जाऊन आले आणि फोनवर म्हणाले, "चालते बेटा. पण ते तुई प्लेट फुकट गेली ना."

फुकट गेलेली नाही. तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवली आहे. बॉडीवर नंबर नव्हता म्हणून ती माझ्याकडेच राहिली. तिची पुट्टी मी पूर्ण उतरवली आणि आता तिचं एकेक माप ड्रॉइंगवर घेते आहे. मागच्या चाकावरची कमान मात्र त्या कारागिराने अंदाजाने वळवली होती, ती गोलाई मला मूळ गाडीवरूनच घ्यावी लागेल. नागपूर, वर्धा, भंडारा, कुठेही कुणाच्या गोठ्यात, वाड्यात मूळ पत्र्याची सीजे-३बी उभी असेल, चालत नसली तरी चालेल, तर मला एक दुपार द्या. मी रविवारी येते. पुठ्ठा, कात्री आणि टेप माझी मीच आणीन, गाडीला ओरखडासुद्धा येणार नाही.